पंचावन्न मिनिटांची वाफ

रेघताई रेशमाला आधी टिचकी मारायची. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं पांढरं रेशीम, चारी कडांना तीन दातांच्या बारीक टाचण्या, आणि मधोमध तिच्या बोटाची एक टिचकी. 'टण्ण' आवाज आला तर पुढचं काम. 'थप्प' आला तर सगळ्या टाचण्या उपटून पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी म्हटलं, "थोडं सैल राहिलं तर काय बिघडतं गं?"

"झोळ पडलेल्या पडद्यासमोर तू उभी राहशील?"

"राहते की. आपल्या मालकांचे सगळे पडदे तसलेच आहेत."

त्यावर ती खळखळून हसली होती. तिचं हसणं आठवायचं म्हटलं की मला हीच एक वेळ आठवते. बाकी तिच्या चेहऱ्यावर कायम दातांत टाचणी धरल्यासारखा भाव असायचा, आणि बहुतेक वेळा खरंच टाचणी असायची.

ती आमच्या नाटक कंपनीच्या शिंप्याची मुलगी. तिच्या वडिलांना आम्ही काका म्हणायचो. रंगमंचाच्या मागे, दोन पायऱ्या उतरून, कपड्यांची एक लांबट खोली होती. खिडकी एकच, पण उंच, मागच्या गल्लीत उघडणारी. तिथे काकांनी पस्तीस वर्षं राजे, भिकारी, सेनापती आणि पऱ्या शिवल्या. ही डबा घेऊन यायची, ती तिथेच बसून काठ दुमडायला लागली आणि मग राहिलीच. लग्नाचं कोणी काढलं तर म्हणायची, "आधी हा ढीग संपू दे." कपड्यांचा ढीग नाटक कंपनीत कधी संपत नाही, हे तिला आणि विचारणाऱ्यालाही माहीत असायचं.

रेशमावर रंगवणं तिला कोणी शिकवलं नाही. मोडलेल्या एका कंपनीचं सामान मालकांनी उचललं होतं. त्यातल्या एका ट्रंकेत तळाशी हातानं रंगवलेला रेशमी रुमाल सापडला. लाल फूल, हिरवं पान, आणि दोघांच्या मधून केसासारखी एक पांढरी रेघ. रेघताई तो रुमाल खिडकीवर धरून उभी राहिली. रंग इतका पातळ की विणीतला धागा न् धागा दिसतोय, मग लाल हिरव्यात शिरला का नाही? या एका प्रश्नावर तिनं वर्ष घालवलं. मेण लावून पाहिलं, खळ लावून पाहिली, डिंक लावून पाहिला. जुन्या अस्तरांचे तुकडे रंगवून रंगवून तिची नखं कायमची निळी झाली. शेवटी झाडाचा चीक स्पिरिटमध्ये पातळ करून पाहिला, तेव्हा जमलं. पत्र्याच्या बारीक चोचीच्या बाटलीतून चिकाची रेघ रेशमावर सोडायची. ती वाळली की रंगाला ओलांडता येत नाही. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली पाहिजे. केसाएवढी फट राहिली तरी रंग तिथून निसटतो आणि शेजारच्या घरात जाऊन पाय पसरतो.

तिची रेघ कधी तुटली नाही. म्हणून ती रेघताई. ती रेघ ओढत असताना खोलीत शिंकायला बंदी होती. आमचा विनोदी नट मुद्दाम दाराशी येऊन नाक चोळत उभा राहायचा. ती मान वर न करता म्हणायची, "शिंक. पण मग पुढच्या नाटकात तुझी विजार मी शिवणार आहे, एवढं ध्यानात ठेव."

रेघ झाली की रंग. कुंचला भरून घ्यायचा आणि आकाराच्या मधोमध नुसता टेकवायचा. रंग आपला आपण चालत जातो आणि रेघेपाशी जाऊन थांबतो. "हा लावायचा नसतो गं, सोडायचा असतो," असं ती सांगायची. मधे थांबायचं मात्र नाही. अर्ध्यावर थांबलात तर ओल्याची कड वाळते आणि तिचा डाग जन्मभर जात नाही. एकदा ती तळ्याचं पाणी सोडत होती आणि मालक स्वतः दारात येऊन तिला हाका मारू लागले. तीन हाका झाल्या.

"मालक, हे तळं वाळेल. तुम्ही वाळणार नाही. थांबा जरा."

ते थांबले. मालकांना थांबवणारी कंपनीत ती एकटी. मी तर नायिका, पण माझी तेवढी छाती नव्हती.

आणि सगळ्यांत शेवटी वाफ. रंगवलेलं रेशीम वाळलं तरी ते अजून कच्चंच. पाण्याचा एक थेंब पडला तर रंग उठून चालू लागतो. ते कोऱ्या कागदात अशा रीतीनं गुंडाळायचं की रेशमाला रेशीम लागणार नाही, मग त्या वळीचं वेटोळं करायचं, दोऱ्यानं बांधायचं आणि उंच पत्र्याच्या पिंपात टांगायचं. खाली पाणी उकळतंय, वर जुन्या घोंगडीचं झाकण, म्हणजे वाफेचा थेंब होऊन आत टपकणार नाही. तीन तास. आच मोठी नको, पाणी आटायला नको, झाकण उघडायला नको. "वाफेच्या आधी हा रंग पाण्याचा असतो. तीन तासांनी रेशमाचा होतो," ती म्हणायची. ते तीन तास ती पिंपापाशी स्टूल टाकून बसायची आणि घड्याळाकडे बघत काठ दुमडायची.

मालकांनी मोठं नाटक काढलं तेव्हाची ही गोष्ट. राज्य सोडून जाणारी राणी. राणी अर्थात मी. मालकांना जरीचा झगा हवा होता. रेघताई म्हणाली, "जर काय, कोणीही चढवतं. मला सहा आठवडे द्या आणि पांढरं रेशीम द्या." तिनं कागदावर काढून दाखवलं. खांद्यापाशी पाण्याची एक बारीक धार निघते, ती खाली येत येत रुंद होते, घोट्यापाशी नदीचा पूर, त्यात आडवे झालेले बोरू, आणि पाठीवर, नेमकं मधोमध, पुरात एका पायावर उभा असलेला एकच बगळा. राणी प्रेक्षकांकडे पाठ करून निघून जाते, तेव्हा त्यांना तो दिसणार. मालक बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हे जमलं तर बाहेरच्या पाटीवर तुमचं नाव घालतो, ताई."

पाटी म्हणजे नाट्यगृहाच्या दारावरची, दोन माणसं उंच. त्यावर लेखक, मालक, मी आणि नायक. पडद्यामागच्या कोणाचंही नाव तिथे आजवर लागलं नव्हतं. काकांचंही नाही.

काका तेव्हा अंथरुणावर होते. उजवी बाजू गेली होती. बोलणं समजायचं, पण अर्धंच. रेघताईनं त्यांना पाटीचं सांगितलं तेव्हा त्यांनी डाव्या हातानं हवेत सुई ओढल्यासारखं केलं. तिला त्याचा अर्थ कळला असावा, कारण त्यानंतर तिला एकच ध्यास लागला. पहिल्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी करून काकांना आणायचं आणि पाटीसमोर उभं करायचं. "उभं नाही तर बसवायचं. पण त्यांनी वाचलं पाहिजे. अक्षर न् अक्षर वाचलं पाहिजे." सहा आठवडे ती हेच बोलली. रंगाऱ्यानं पाटी रंगवायला घेतली, तेव्हा स्वतःच्या नावाचं शेवटचं अक्षर होईपर्यंत ती रस्त्याच्या पलीकडे उभी होती. परत आली तेव्हा दातांत टाचणी नव्हती.

झग्याचे पाच तुकडे होते: पुढचे दोन, बाह्या दोन, आणि पाठ. पाठ सगळ्यांत शेवटी झाली. आधीचे चार तुकडे वाफ घेऊन, धुऊन, इस्त्री होऊन तयार होते. तेवढ्यात मालकांनी पहिला प्रयोग दोन दिवस अलीकडे ओढला. पाठीला वाफ द्यायला वेळ होता, धुवायला नव्हता.

"चालेल," रेघताई म्हणाली. "वाफ नीट लागली असेल तर एक प्रयोग न धुता निघतो."

प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं पाठीची वळी पिंपात टांगली, आणि वीस मिनिटांत घरून निरोप आला की काकांना बरं नाही, डॉक्टर येताहेत. ती उठली, बसली, पुन्हा उठली. मी तिथेच संवाद पाठ करत होते.

"जा गं तू," मी म्हटलं. "मी बसते."

"तीन तास आहेत."

"राणी आहे मी. सिंहासनावर तीन अंक बसते, स्टुलावर तीन तास नाही बसणार?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. कुंचल्याला कुणी हात लावलेला तिला चालायचा नाही, पण मी तिची मैत्रीण होते. निदान मी तरी तसं समजत होते. "घड्याळात बघून ठेव. पाणी आटू देऊ नकोस. झाकण उघडू नकोस. कोणीही बोलावलं तरी उठू नकोस."

"तळं वाळेल, मी वाळणार नाही," मी म्हटलं. ती घाईघाईनं पायऱ्या चढून गेली.

त्यानंतर वीस मिनिटांनी फोटोवाला आला. तो उद्या यायचा होता. मालकांनी वरून आवाज दिला, "बाई, उजेड चालला! पुढचा भाग अंगावर टाचा आणि या!" मी म्हणू शकले असते की अर्ध्या तासानं येते. मी म्हणू शकले असते की इथे कोणाला तरी बसवा. पण पाटीशेजारच्या काचेत माझा पूर्णाकृती फोटो लागणार होता, आणि आमच्या धंद्यात उजेड कोणासाठी थांबत नाही. पिंप एकटं उकळत ठेवायला भीती वाटली, पाणी आटलं तर रेशीम जळेल. म्हणून मी शेगडी बंद केली. आल्यावर पुन्हा लावू, वाफ ती वाफ, असं मनाशी म्हटलं.

फोटोला दोन तास गेले. पुढचे दोन तुकडे आणि बाह्या माझ्या अंगावर टाचलेल्या, मागे नुसत्या टाचण्या आणि पेटीकोट. परत आले तर पिंप कोमट. शेगडी लावली. पाण्याला आधण यायला वेळ गेला. वाफ धरून पंधरा मिनिटं झाली असतील, तोच पायऱ्यांवर तिची पावलं वाजली.

"झाले तीन तास?"

"आत्ताच झाले," मी म्हटलं.

तिनं पिंपावर हात ठेवून पाहिला. पिंप गरम होतं. तिनं मला मिठी मारली. ती मिठी मारणाऱ्यातली नव्हती.

शेगडी बंद करण्याआधीची चाळीस मिनिटं आणि नंतरची पंधरा. हा हिशेब तेव्हा मी केला नाही. नंतर पुष्कळदा केला.

पहिला प्रयोग. माणसं दारात उभी. पहिल्या अंकात मी पाठ वळवली आणि सगळीकडून एकदम श्वास आत ओढल्याचा आवाज आला. आयुष्यात टाळ्या पुष्कळ मिळाल्या, पण तो आवाज पुन्हा मिळाला नाही, आणि तो माझ्यासाठी नव्हता. विंगेत रेघताई दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती.

तिसऱ्या अंकात राणी अर्धा तास सिंहासनावर बसते. सिंहासनाला मालकांनी पांढरी मखमल लावली होती. दिवे डोक्यावर, झग्याला अस्तर, मी घामानं निथळत होते. राज्य सोडण्याचा संवाद आला. मी उठले, दोन पावलं पुढे आले आणि म्हणाले, "या सिंहासनावर माझी काही खूण उरणार नाही."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मग सगळं नाट्यगृह. मी वळून पाहिलं. पांढऱ्या मखमलीवर हिरव्या-निळ्या रंगात माझी पाठ उमटली होती, खांद्यांपासून कमरेपर्यंत, मधे बगळ्याचा लोळागोळा. माझ्या मानेवरून रंग ओघळत होता. पडदा पाडावा लागला.

मालक रंगमंचावरच ओरडायला लागले. "हा रंग आहे की शाई? ताई, माझं नाटक बुडवलंत!"

रेघताईनं माझ्या पाठीवरचं रेशीम चिमटीत धरलं, चोळलं, बोटांकडे पाहिलं. मग माझ्यासमोर आली. सगळी कंपनी गोल करून उभी होती.

"तीन तास?" तिनं विचारलं.

प्रश्न साधा होता. उत्तरही साधं होतं. आजही डोळे मिटले की तिच्या बोटांवरचा तो निळा दिसतो, मालकांचा लाल चेहरा दिसतो, आणि बाहेरच्या काचेतला माझा फोटो दिसतो.

"तीन तास," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. "मग माझंच चुकलं असेल. रंग दाट झाला असेल," ती म्हणाली, आणि माझ्या मानेवरचा ओघळ स्वतःच्या पदरानं पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी शिडी लावून पाटीवर चढला आणि तिच्या नावावरून काळा हात फिरवला. दहा वाजता ती काकांना घेऊन आली. गाडी आधीच सांगून ठेवलेली, ती रद्द करायचं तिला सुचलं नसावं, किंवा काकांना काय सांगायचं ते सुचलं नसावं. मी वरच्या खिडकीतून पाहत होते. काकांनी काळ्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. ती वाकून त्यांच्या कानात काहीतरी बोलली. काय बोलली ते गाडीवाल्यानं मागाहून सांगितलं: "ओलं आहे हो अजून. वाळेपर्यंत झाकलंय." थंडी सुरू व्हायच्या आत काका गेले.

मी खाली उतरले नाही.

नाटक चाललं. मालकांनी जरीचा झगा करून घेतला. फोटोतल्या झग्याबद्दल कोणी विचारलं नाही, कारण त्यात पुढचीच बाजू होती, आणि ती पक्की होती. तो फोटो त्या काचेत एकोणतीस वर्षं राहिला. माझं जे काही नाव झालं ते त्या फोटोच्या आगेमागे झालं. रेघताई कंपनीत आणखी एकोणीस वर्षं होती. काठ दुमडले, गुंड्या लावल्या, माझ्या जाड होत गेलेल्या कमरेला जागा करून दिली. चौकट तिनं घरी नेली. आमच्यात बोलणं होतं. "हात वर कर." "श्वास सोड." "झालं." एवढं.

नंतर कंपनी मिटली, मालक गेले, नाट्यगृहात आता टायरांचं गोदाम आहे.

गेल्या महिन्यात संग्रहालयातली एक मुलगी माझ्याकडे आली. जुन्या नाटकांचं दालन करताहेत. फोटो समोर ठेवून म्हणाली, "आजी, हा झगा कोणी केला? खाली लिहायचंय." मी रेघताईचं पूर्ण नाव सांगितलं. एक्केचाळीस वर्षांनी ते माझ्या तोंडून निघालं. "आहेत का त्या?" मुलीनं विचारलं, आणि मला ते माहीत नव्हतं. मला त्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी तिचा पत्ता काढून चिठ्ठी टाकली, आणि आठवड्यानं बस धरली.

भावाच्या घरी राहते ती. दुसरा मजला, जिन्यात सायकली. तिच्या वहिनीनं दार उघडलं आणि मला आपादमस्तक न्याहाळलं.

"अगबाई, तुम्ही त्या फोटोतल्या! या. वन्सं, कोण आलंय बघा. तुमची राणी." आणि मला हळूच, "जपून बोला हं. आज सकाळपासून त्या पिंपाचीच घासपूस चाललीय."

रेघताई खिडकीशी बसली होती. केस पांढरे, डोळे तेच. मांडीवर हात, आणि हात हलत होते, दोन्ही, सारखे.

"बस," ती म्हणाली. "तुझी चिठ्ठी मिळाली. जाड झालीस."

"तुला सांगायचंय काहीतरी."

"सांग. पण हातवारे न करता."

मी हात मांडीखाली घेतले आणि सांगितलं. फोटोवाला, बंद शेगडी, पंधरा मिनिटं, रंगमंचावरचं 'तीन तास'. मिनिटभरात संपलं.

"झालं?"

"झालं."

"एका वाक्याला एक्केचाळीस वर्षं. आणि तालमीत म्हणे तुझं पाठांतर सगळ्यांत पक्कं." तिनं वहिनीला हाक मारली. "तो बिस्किटांचा डबा काढा हो. खालचा."

डब्यात रेशमाच्या पट्ट्या होत्या, बोटाएवढ्या रुंद, शेकड्यांनी. सगळ्या त्याच हिरव्या-निळ्या. प्रत्येकीला टोकाला कागदाचा तुकडा शिवलेला, त्यावर बारीक अक्षर.

"पहिलं वर्ष रंग तपासला," ती म्हणाली. "पातळ, दाट, जुना, नवा. प्रत्येकाला तीन तास वाफ, मग घामासारखं मिठाचं पाणी. एकही उतरला नाही. दुसऱ्या वर्षी पाणी तपासलं. तिसऱ्या वर्षी रेशीम. ते ठाण तर संपलं होतं, गिरणीत जाऊन त्याच विणीचा तुकडा मागून आणला. उतरला नाही. वेळ कमी करून बघायचं माझ्या डोक्यातच येईना. कारण तू तीन तास म्हणाली होतीस."

तिनं थरथरत्या बोटांनी एक पट्टी उचलली. मिठाच्या पाण्यानं तिचा रंग विस्कटून गेला होता, मखमलीवर उमटला होता अगदी तसा. तुकड्यावर लिहिलं होतं: पन्नास मिनिटं.

"चौथ्या वर्षी सापडलं. बरोबर?"

"पंचावन्न," मी म्हटलं.

"बरं. पाच मिनिटं इकडे तिकडे." तिनं पट्टी परत ठेवली. "तुझ्यावर शंका घ्यायला मला चार वर्षं लागली. स्वतःवर घ्यायला तिथल्या तिथे जमलं होतं."

"मग आली का नाहीस माझ्याकडे? कंपनीतच होतीस की तू, रोज समोर. मला तोंडावर सांगायचंस. मी ऐकून घेतलं असतं."

"तुला काय सांगायचं? तुला माहीतच होतं." ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "कळल्यावर दोनेक वर्षं वाट पाहिली. तुझी कंबर मोजताना वाटायचं, आता बोलेल. मग मापं पाठ झाली, मोजायचं कारण उरलं नाही."

मी तिला संग्रहालयाचं सांगितलं. फोटोखाली तिचं नाव लागणार, मोठ्या अक्षरात.

"त्या फोटोत पाठ दिसते?"

"नाही."

"बगळा पाठीवर होता."

आत वहिनींच्या भांड्यांचा आवाज येत होता. रेघताई उठली, भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या मागच्या गॅलरीत गेली आणि तिथून हाक मारली, "ये इकडे. आली आहेस तर एक काम कर."

तेच पिंप. कडेला पोचा आलेला. आत कागदाची वळी बांधून टांगलेली, शेगडीवर पाणी, शेजारी स्टूल.

"वाफेला बस," ती म्हणाली. "तीन तास. माझ्यानं बसवत नाही आता."

मी बसले. काय सांगू, मला आनंद झाला. अशी मागणी करून कोणी मला क्षमा करेल असं वाटलं नव्हतं. गुडघे दुखत होते, पाठ भरून आली, पण मी हलले नाही. पाण्याचा आवाज बदलला तसं कडेच्या फटीतून पाणी घातलं. झाकणाला हात लावला नाही. वहिनी दोनदा डोकावल्या. "चहा तरी घ्या, मी बसते तोवर." मी म्हटलं, "नको. तळं वाळेल." त्यांना ते कळलं नाही. खिडकीच्या आत बसून रेघताई घड्याळाकडे पाहत होती, आणि मी तिच्याकडे. वळीत काय असेल याचा मी विचार करत होते. बगळा असेल, असं मला पहिल्या तासानंतर वाटू लागलं. तिसऱ्या तासात तर मला खात्रीच झाली.

तीन तास झाले. तिनं स्वतः येऊन शेगडी बंद केली. वळी बाहेर काढली, दोरा सोडायला तिला फार वेळ लागला, मी हात पुढे केला तर तिनं तो बाजूला सारला. कागद उलगडला.

रेशीम पांढरं होतं. मी दुसरी बाजू पाहिली, कोपरे पाहिले. एक रेघ नव्हती.

"यात काहीच नाही," मी म्हटलं.

"नाही. बारा वर्षं झाली हात हलतोय. रेघ कुठून येणार?"

"मग मला तीन तास..."

"तीन तासच होते. मी घड्याळ बघत होते." तिनं रेशीम उजेडात धरलं. तिच्या हातांबरोबर ते हलत होतं. "मला एवढंच बघायचं होतं. बसता येत होतं तुला."

रेशीम लांब होतं. पूर्वी असं काही दुमडायचं असलं की दोन टोकं ती धरायची आणि दोन मी, आणि आम्ही एकमेकींकडे चालत यायचो. मी सवयीनं माझी बाजू धरायला वाकले. तिनं ती माझ्या हाताआधी उचलली, आणि थरथरत, चुकत, पुन्हा उलगडत, एकटीनं घडी घालत राहिली. वहिनींनी माझी पिशवी दाराशी आणून ठेवली होती.